वरची खोली आणि खालचं पाणी

नाशिकच्या सिडकोत, म्हणजे सिडको कंपनीने बांधून दिलेल्या घरांच्या वसाहतीत, मूळ जसं बांधून दिलं होतं तसंच राहिलेलं एक घर दाखव असं कुणी मला म्हटलं तर मी सरळ हात वर करीन. पवननगर म्हणा, उत्तमनगर म्हणा, त्रिमूर्ती चौकातून आत शिरा आणि गल्ल्या बघत चला. पुढे पत्र्याचं शेड नाही, मागची मोकळी जागा किचनमध्ये घेतलेली नाही, वर काही चढवलेलं नाही असं घर सापडलंच तर समजायचं की तिथले लोक एकतर परगावी असतात नाहीतर भावाभावांत केस चालू आहे. बाकी सगळं वाढीव. आणि वाढीव म्हणजे चोरून केलेलं असंही नाही हं, भर दिवसा, गल्लीत वाळूचा ढीग टाकून, स्लॅबच्या दिवशी मजुरांना चहा-वडापाव देऊन, कधीकधी तर नारळ फोडून केलेलं.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. (ड्राफ्ट्सवुमन कुणी म्हणत नाही, आयटीआयच्या सर्टिफिकेटवरपण ड्राफ्ट्समनच आहे, सोडून द्या.) आधी ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनने काढायचो, आता कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये. पण गंमत अशी की आमच्याकडे येणारी बरीचशी माणसं घर बांधायचा नकाशा काढायला येतच नाहीत, ती बांधून झालेल्या घराचा नकाशा काढून घ्यायला येतात. घर आधी, नकाशा नंतर. हातात अनधिकृत बांधकामाची घडी घातलेली नोटीस असते, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, पिशवीत लाइटबिल, घरपट्टीची पावती, ताबापत्राची झेरॉक्स, आणि एखादा लग्नाचा फोटोही असतो, कारण फोटोत मागे भिंत दिसते ना, म्हणजे ती भिंत तेव्हापासून होती हे सिद्ध होतं असं त्यांना वाटतं. मी तो फोटो बघते, भिंत बघते, नवरी बघते. परत देते.

आता हे सगळं झालं कसं. सिडको ही सरकारी कंपनी १९७० साली निघाली ती नव्या मुंबईसाठी, पण पुढे तिला इतर शहरांतही कामं दिली गेली, त्यात नाशिक. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत कंपन्या आल्या, माणसं लागली, माणसांना परवडेल असं छप्पर लागलं, म्हणून सहा योजनांत मिळून जवळपास २५ हजार घरं झाली. छोटी, रांगेतली, दोन घरांत मधली भिंत एकच, आणि पुढेमागे थोडीशी मोकळी जागा. खानदेशातून, कसमादेतून (म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), निफाड-सिन्नरकडून आलेली माणसं त्यात राहायला लागली, आमच्या गल्लीत तर अहिराणी इतकी की मला मराठीच्या आधी ती कळायला लागली होती. घरात आईवडील आणि दोन मुलं एवढा हिशोब धरलेला असणार. मग गावाकडून आजी आली, काका नोकरी शोधायला आला, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि लग्न झालेल्या मुलाला आईबापाच्या शेजारी मधे पडदा लावून झोपवायचं कसं हा प्रश्न कुठल्या टाइप-प्लॅनमध्ये नव्हता.

आणि जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. हे लोकांना माहीत असतं पण लक्षात नसतं. हप्ते फिटले, घर नावावर झालं, गणपतीत कमान लावली, तरी कागदावर आपण जमिनीचे भाडेकरूच, घर विकायचं म्हटलं तरी आधी परवानगी आणि ट्रान्सफरची फी. भाडेकरू म्हटलं की १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो, त्याच्या कलम १०८ मध्ये साधं लिहिलंय की मालकाच्या संमतीशिवाय भाडेपट्टेदाराने कायमचं बांधकाम करायचं नाही, शेतीच्या कामासाठी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे शेतात असता तर गोठा चालला असता, बेडरूम नाही. त्याच कलमात असंही आहे की भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू जागा ताब्यात असेपर्यंत काढून नेता येतात, फक्त जागा मिळाली होती तशी परत द्यायची. हे आमच्याकडच्या एका भाडेकरूने इतकं मनावर घेतलं होतं की जाताना त्याने ग्रिल तर नेलंच, बाथरूमच्या टाइल्सपण उचकटून नेल्या, अर्ध्या फुटल्या तरी नेल्या. जागा मिळाली होती तशी मात्र दिली नाही.

सुरुवात नेहमी ग्रिलपासून होते. ग्रिलला कुणी काही म्हणत नाही. मग पावसाचं पाणी दारात येतं म्हणून पत्रा, पत्र्याखाली गाडी, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून शटर, शटर आहेच तर एक छोटं किराणा दुकान. मागच्या बाजूला मोरी बाहेर सरकते, तिच्या जागी ओटा येतो, कडप्प्याचा. मग बाहेरून लोखंडी जिना. जिना आला की समजायचं वर खोली येणार, जिना उगाच कोण लावतं. ह्या प्रत्येक पायरीवर गल्ली बघत असते आणि गल्ली काही बोलत नाही, कारण गल्लीतल्या प्रत्येकाची कुठली ना कुठली पायरी चालू असते.

पण म्हणून गल्लीत नियम नसतात असं नाही, आणि हेच मला खरंतर सांगायचंय. गल्लीचे नियम आहेत, कडक आहेत, फक्त लिहिलेले नाहीत. तुमचं पाणी माझ्या भिंतीवर यायचं नाही. माझी एकुलती एक खिडकी तुम्ही बंद करायची नाही. मयत निघाली तर तिरडी वळेल एवढा रस्ता ठेवायचा. ड्रेनेजच्या चेंबरवर फरशी टाकायची नाही, टाकली तर उचलता येईल अशी. वर चढवताना शेजाऱ्याला आधी सांगायचं, विचारायचं नाही हं, सांगायचं, घरी जाऊन, चहा घेऊन. एवढं पाळलं तर तुम्ही दोन मजले चढवा, लोक स्लॅबच्या दिवशी स्वतःच्या नळाचं पाणी देतील. आणि एवढं मोडलं तर मग तुमचं एक फुटाचं छज्जंसुद्धा अनधिकृत होतं.

मी नोटिशीची प्रकरणं बघते तेव्हा नोटीस वाचायच्या आधी विचारते की शेजाऱ्याशी काय झालं. कारण साहेब लोक काही आपणहून गल्लीबोळात टेप घेऊन फिरत नाहीत. तक्रार लागते. तक्रार शेजारी करतो. आणि तक्रारीत जे लिहिलेलं असतं ते कधीच खरं भांडण नसतं.

एक प्रकरण सांगते, नावं सांगत नाही. कोपऱ्यावरच्या घरात आप्पा म्हणू, कंपनीतून रिटायर झालेले, मुलाचं लग्न झालं म्हणून वर एक खोली आणि संडास-बाथरूम काढलं. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहतात, विधवा, सोबत मुलगी आणि सासू. आप्पांनी चढवायच्या आधी सांगितलं होतं, चहा झाला होता, सगळं रीतसर. चूक फक्त एवढी झाली की मिस्त्रीने वरच्या बाथरूमचा पाइप मागून फिरवून न्यायच्या ऐवजी मधल्या भिंतीला चिकटून खाली आणला. दहाबारा फूट पाइप वाचला आणि दोन बेंड. पहिल्या पावसाळ्यापर्यंत काकूंच्या किचनमध्ये फळीच्या मागे ओल, मग बुरशी, मग प्लास्टरचे पापुद्रे डाळीच्या डब्यावर पडायला लागले. काकूंनी सांगितलं. आप्पा म्हणाले बघतो. काकूंनी परत सांगितलं. आप्पा म्हणाले तुमचीच भिंत जुनी आहे ओ, वॉटरप्रूफिंग करून घ्या. काकूंच्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "भिंत जुनी शे ते खरं शे, पन पानी मना घरमा येस." त्यावर आप्पांचा मुलगा काहीतरी बोलला. ते काय बोलला ह्याच्या दोन्ही घरांत दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत.

मग काकूंच्या भावाने अर्ज लिहून दिला. आता अर्जात काय लिहिणार? 'पाइप फिरवून द्यावा' असा अर्ज कुठे देणार, कुठल्या टेबलावर? ओल आली म्हणून भांडायचं तर ती दिवाणी बाब, वकील करा, कोर्टात जा, तोपर्यंत भिंत पडेल. पण 'अनधिकृत मजला' असं लिहिलं की त्याला टेबल आहे, इन्वर्ड नंबर आहे, शिक्का आहे. म्हणून काकूंनी अनधिकृत मजल्याची तक्रार केली. त्यांना मजला पाडायचा नव्हताच. त्या नव्या सुनेचं केळवण त्यांनी स्वतः केलं होतं.

साहेब आले, पंचनामा झाला, फोटो काढले. आप्पांना नोटीस लागली, अख्ख्या मजल्याची, पाइपचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. आणि पंचनामा करताना शेजारी उभं राहून बघणाऱ्या काकूंच्या घरावर साहेबांची नजर गेली, पुढे शेड, मागे बंद केलेली मोकळी जागा. दुसरी नोटीस काकूंना. दोन्ही नोटिसा घेऊन दोन्ही पार्ट्या आमच्याकडेच आल्या, वेगवेगळ्या वेळेला, आणि दोघांनी मला सांगितलं की तिकडच्या पार्टीचं काम घेऊ नका.

मी मापं घ्यायला गेले तेव्हा पहिलं काम पाइप बघायचं केलं. जॉइंटला सोल्युशन नीट लावलेलं नव्हतं, आणि भिंतीत चर पाडून पाइप अर्धा आत गाडला होता. नऊ इंची भिंत, दोघांची, त्यात एका बाजूने तीन इंच चर. ह्यावर मला राग आला, खरं सांगते, मजल्यावर नाही आला. मजला ठीकच होता, पिलर खालून घेतले होते, सळई नीट दिसत होती. पण ती चर कुठल्याच नोटिशीत नव्हती आणि नकाशातही दाखवायला जागा नव्हती, म्युनिसिपल ड्रॉइंगमध्ये आपण भिंत दोन रेघांनी दाखवतो, त्या दोन रेघांच्या मधे काय चाललंय ते कोण विचारतंय.

कायद्यात ह्याहून बारकाईने विचार केलेला नाही असं नाही. खाजगी भाड्याच्या घरांसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे १९९९ चा. त्यात कलम १६ म्हणतं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर मालक जागा परत मागू शकतो. पण लगेच पुढे खुलासा दिलाय की कायमचं बांधकाम म्हणजे काय नाही, त्यात लाकडी पार्टिशन, किचनचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराचं नळकांडं, हे सगळं पालिकेची लागेल ती परवानगी घेऊन केलं असेल तर त्याला कायमचं बांधकाम म्हणायचं नाही. काय सुंदर यादी आहे बघा. उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईचा ओटा कायद्याने वाचवलाय! कितीतरी चाळींतल्या भाडेकरूंनी आणि मालकांनी कोर्टात डोकी फोडली असतील तेव्हा ही यादी आली असणार. आणि कलम १४ मध्ये तर असं आहे की मालक दुरुस्ती करत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाला भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत.

पण हा कायदा सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या जागांना लागू नाही. कलम ३ मध्येच बाहेर काढलंय. म्हणजे खाजगी मालकाच्या खोलीत राहणाऱ्याला ओटा, खिडकी, जाळीचं संरक्षण, आणि जिथे सरकारच घरमालक आहे तिथल्या गरिबाला ही यादी नाही. तिथे एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला घ्यायचा. आणि एनओसीचा अर्ज केला की काय होतं हे मी सांगायला नको.

आता बांधकाम परवानगीची बाजू. नगररचना कायदा १९६६ चा, त्यात कलम ४५ मध्ये असं आहे की रीतसर अर्ज केला आणि ६० दिवसांत उत्तरच आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, अर्थात बांधकाम नियमात बसत असेल तर. हे मी लोकांना सांगते तेव्हा ते हसतात. हसण्याचं कारण 'रीतसर' ह्या एका शब्दात आहे. रीतसर अर्ज म्हणजे मालकीचा कागद, मालकाची संमती, लायसन्सवाल्याची सही, चारी बाजूंचं अंतर. रांगेतल्या घराला चार बाजू कुठून आणायच्या, दोन बाजूंना तर शेजारीच आहे. नियमात बसत नाही म्हणून अर्ज करत नाहीत, अर्ज केला नाही म्हणून अनधिकृत. २०१७ मध्ये कायद्यात ५२अ कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ च्या आधीची बांधकामं दंड भरून नियमित करायची सोय काढली, तेव्हा आमच्या ऑफिसात दारापर्यंत चपला होत्या. पण त्यालाही अटी, आणि मूळ प्रश्न तोच, ज्याचं बसत होतं त्याला फारशी गरज नव्हती आणि ज्याला गरज होती त्याचं बसत नव्हतं.

मग २०१८. तुकाराम मुंढे नाशिक महापालिकेचे आयुक्त होते. सिडकोतल्या वाढीव बांधकामांवर मार्किंग करायला सुरुवात झाली, इथपर्यंत तुमचं, इथून पुढचं पाडायचं. लोक रस्त्यावर आले, नेते आले, मोर्चे झाले, शेवटी कारवाई थांबली. मी त्यावेळी दोन्ही बाजूंच्या लोकांशी भांडले, कारण मला दोन्ही बाजू अर्ध्या पटत होत्या. मुंढेसाहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, काही गल्ल्यांत खरोखर आगीचा बंब वळत नाही, आणि ड्रेनेज लाइनवर घरं बसलीत. पण एकच रेघ मारून तिच्या अलीकडचं चांगलं आणि पलीकडचं वाईट असं होत नाही ओ. रेघेच्या पलीकडे एखाद्याची नीट पिलर घेतलेली खोली असते आणि रेघेच्या अलीकडे, अगदी मूळ बांधकामात, भिंतीतून सळई बाहेर आलेली असते. रेघ कुणाला दिसते, सगळ्यांना. चर कुणाला दिसते? ज्याच्या डाळीत प्लास्टर पडतं त्याला.

एक मात्र आहे, घरकुलांच्या बिल्डिंगबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते लोकांना आवडत नाही. २००५ च्या डिसेंबरात केंद्राने ते नेहरू नागरी अभियान काढलं, जेएनएनयूआरएम, त्यात झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी २५ चौरस मीटरची घरं मजल्यावर मजले बांधून दिली, लाभार्थ्याने दहा-बारा टक्के भरायचे. आपल्याकडे चुंचाळ्याला वगैरे झाली. तिथे बदल करणं आणि रो हाउसमध्ये बदल करणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. रो हाउसमध्ये तुम्ही चुकलात तर तुम्ही आणि एखादा शेजारी. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने बाल्कनी आत घेतली, तिच्यावर पाण्याची सिंटेक्स टाकी ठेवली, आणि दार मोठं करायला बीमच्या खालचा भाग छिन्नीने काढला तर त्याच्या खाली झोपलेली चार घरं आहेत. तिथे मी म्हणते परवानगीशिवाय भिंतीला हातोडा लागताच कामा नये. लोक म्हणतात ताई तुम्ही तर आमच्या बाजूच्या होत्या. अहो मी बीमच्या बाजूची आहे.

पण तिथेही बदल का होतात ते बघा ना. तळमजल्यावरच्या बाईचा इडली-चटणीचा धंदा होता झोपडीत, रस्त्याला दार होतं. फ्लॅटमध्ये रस्त्याला खिडकी आली. ती खिडकी तोडून दार केलं. तिने बिल्डिंगचं नुकसान केलं हे खरं, आणि नकाशा काढणाऱ्याने तिचा धंदा बंद केला हेही खरं. पहिल्या गोष्टीला कलम आहे.

इंग्लंडमध्ये ह्या भानगडी कशा निस्तरतात हे मी एकदा वाचत बसले होते, तिथे काउन्सिलची म्हणजे महापालिकेचीच भाड्याची घरं पुष्कळ. त्यांचा १९८५ चा हाउसिंग ॲक्ट आहे, कलम ९७ पासून पुढे. तिथेही भाडेकरूने लेखी संमतीशिवाय घरात सुधारणा करायची नाही, हे आपल्यासारखंच. पण पुढे असं की घरमालकाने विनाकारण संमती नाकारायची नाही, आणि विनाकारण नाकारली तर ती दिली असंच धरायचं. नाकारली तर कारण लेखी द्यायचं. नकार योग्य होता हे भाडेकरूने नाही, घरमालकाने सिद्ध करायचं. बघायचं काय, तर ह्या बदलाने हे घर किंवा दुसरी कुठली जागा राहणाऱ्यांसाठी कमी सुरक्षित होते का, घरमालकाला एरवी आला नसता असा खर्च पडतो का, आणि घराची किंमत किंवा भाडं उतरतं का. बस. आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे काम होऊन गेल्यावरही संमती देता येते, कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे आधी घर आणि मग नकाशा हा काही फक्त नाशिकचा रोग नाही! एक गोष्ट मात्र आपल्या उलटी, तिथे घरमालक गप्प बसला तर नकार धरायचा, आणि आपल्याकडे परवानगीच्या अर्जावर ६० दिवस गप्प बसले तर होकार. कागदावर आपण जास्त उदार.

तिथे सगळं गोड चाललंय असं मला म्हणायचं नाहीये. तिथेही लोक न विचारता किचन पाडतात, फरशा बदलतात, आणि निघताना काउन्सिल त्यांच्याकडून पूर्ववत करायचा खर्च मागते, मग भांडणं, मग तक्रारी, त्यासाठी वेगळा लोकपाल आहे. पण 'दुसरी कुठली जागा' हे शब्द मी पेनने लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेत. काकूंचं किचन त्या शब्दांत बसतं. आपल्या नोटिशीत बसत नाही.

आणि परदेशात कशाला जायचं, आपल्याच सिडकोने नव्या मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांकडून १९८० च्या दशकात घरं करून घेतली, ती मुद्दाम वाढतील अशी काढलेली होती. प्रत्येकाला स्वतःचा छोटा प्लॉट, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, सातआठ घरांच्या मधे एक अंगण. भिंत सामायिक का नाही, तर उद्या एकाने वाढवलं तर दुसऱ्याला विचारावं लागू नये आणि त्याचं काही बिघडू नये. कोरियांना माहीत होतं की माणूस वाढवणारच. दुसरे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, त्यांनी इंदूरला अरण्य वसाहत केली, तिथे तर पाया, संडास-बाथरूम, एखादी खोली एवढंच द्यायचं आणि पुढचं घर लोकांनी जमेल तसं बांधायचं असा हिशोब होता. त्याला पुढे वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. आमच्या इथे तोच प्रकार पंचवीस हजार घरांनी पुरस्काराविना केला, फक्त पाइप कुठून न्यायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीने जवळचा रस्ता धरला.

बेलापूरची घरं पण आता जशीच्या तशी राहिलेली नाहीत, पुष्कळांनी पाडून नवी उंच बांधलीत, हे खरंय. कुणी म्हणेल बघा, नियोजन करूनही लोक ऐकत नाहीतच. मला तसं वाटत नाही. घर वाढलं म्हणजे नियोजन फसलं हे मानायचंच कशाला. शेजाऱ्याला ओल न येता वाढलं का, एवढं बघा.

मला विचाराल तर एवढंच हवंय की अर्जाच्या फॉर्मवर शेजाऱ्यासाठी एक रकाना असावा. पाणी कुठून जाणार, खिडकी कुणाची जाणार, भिंतीत काही गाडणार का, आणि खाली शेजाऱ्याची सही. आणि तक्रारीच्या फॉर्मवर 'तुम्हाला नेमकं काय करून हवंय' असा एक. मजला पाडायचा की पाइप फिरवायचा. मी हे एकदा एका इंजिनिअर साहेबांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले मॅडम, असं विचारलं तर लोक आपसातच मिटवतील, मग आम्ही काय करायचं. ते चेष्टेत म्हणाले की खरंच ते मला अजून कळलेलं नाही.

आप्पा आणि काकूंचं म्हणाल तर पाइप फिरवून झाला. मीच मधे पडले, दोन्ही पार्ट्यांचं काम घेतलं होतं त्यामुळे मला मधे पडायला जागाही होती. आप्पांनी मागून नवीन लाइन टाकली, चर सिमेंटने भरून घेतली, काकूंच्या बाजूचं प्लास्टर स्वतःच्या खर्चाने करून दिलं, रंग मात्र काकूंनी लावला, गुलाबी. पण तक्रार परत घेता येईना. काकू अर्ज घेऊन गेल्या की आमचं मिटलंय, तर तिथे सांगितलं तक्रार तुमची होती बाई, बांधकाम अनधिकृत आहे ते आहेच, तुमचं मिटलं म्हणून ते अधिकृत होत नाही, आणि तुमच्या शेडचीही फाइल चालू आहे. हे म्हणणं कायद्याने बरोबर आहे, मी काकूंना तसं सांगितलं, त्यांना ते अजिबात पटलं नाही. आता सुनावणीला दोघं एकत्र जातात, आप्पांच्या स्कूटरवर, कारण रिक्षाचे पैसे कशाला दोन्हीकडून. परवा आप्पा विचारत होते की दोघांच्या घरांचा एकच नकाशा काढला तर फी कमी होईल का. मी म्हटलं कमी नाही होणार, भिंत एक असली तरी फाइली दोन आहेत.